शपथेनंतरची पहिली रात्रपाळी

खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. दरवर्षी ३ जानेवारीला तेथे गर्दी लोटते, मुलींच्या शिक्षणाचा गौरव होतो. पण सावित्रीबाईंचा अंत शाळेत नव्हे, रुग्णसेवेत झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या.

त्याच तालुक्यातल्या मुली आज साताऱ्याला, पुण्याला, मिरजेला नर्सिंग शिकायला जातात. हाती दिवा घेऊन शपथ घेतली, की घरचे फोटो काढतात. तीन-चार वर्षांनी निकाल लागतो, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते आणि एका रात्रीत 'स्टुडंट'ची 'सिस्टर' होते. खरी परीक्षा तेथून सुरू होते.

विद्यार्थिनी असताना इंजेक्शन भरले, तरी पाठीशी ट्यूटर असतात. आता चार्टवर सही तिची. रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब उतरू लागतो. डॉक्टरांना उठवावे, की थोडे थांबावे? उठवले तर ओरडा बसेल, थांबले तर जीव जाईल. हा निर्णय बावीस वर्षांच्या मुलीने एकटीने घ्यावा, अशी व्यवस्था आपण चालवून घेतो.

अमेरिकेतील मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेला 'वास्तवाचा धक्का' म्हटले. शाळेत शिकवलेली आदर्श सेवा आणि वॉर्डातील धावपळ यांत अंतर पडले, की नवी परिचारिका खचते किंवा नोकरी सोडते. यावर उपाय अवघड नाही. पहिले काही महिने तिच्याबरोबर एक अनुभवी सिस्टर हवी आणि रात्रपाळी एकटीवर टाकू नये.

मग तसे होत नाही, कारण माणूस वाढवले की खर्च वाढतो. पगाराचीही तीच कथा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २० हजार रुपये वेतन सुचवले. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून मुलीला नोकरी लागल्याचे पेढे वाटण्यापूर्वी आईवडिलांनी तीन प्रश्न विचारावेत. पगार कागदावर किती? मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात? आणि रात्री तिच्यासोबत कोण?

तिसरा प्रश्न तर आपल्या सर्वांचाच आहे. खंबाटकी घाटात अपघात झाला, की मध्यरात्री आपल्याच माणसाच्या उशाशी तीच मुलगी उभी असते.