चित्र तिथेच राहू द्या, आवाज वेगळा काढा

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात निकाहचा अल्बम आणि त्याच्यासोबत एक डीव्हीडी असते. ईदला पाहुणे आले की अल्बम खाली निघतो. डीव्हीडी मात्र निघत नाही, कारण ती लावायचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो. पण त्या चकतीत कोण कोण आहे, याचा विचार करून पाहा. मेहरची रक्कम पुन्हा एकदा विचारून घेणारे मरहूम दादा असतील. हळदीच्या रात्री बायकांच्या घोळक्यात गाणं उचलणारी नानी असेल. गेलेल्या माणसाचे फोटो आपल्याकडे चार ठिकाणी असतात. त्याचा आवाज बहुधा एकाच ठिकाणी उरलेला असतो, कुठल्या तरी व्हिडिओच्या पोटात.

तो आवाज वेगळा काढून ठेवणं हे घरच्या घरी होणारं काम आहे. त्याला पैसे लागत नाहीत. आवाज वेगळा झाला की त्याचा उपयोगही वाढतो. नजर अधू झालेल्या आजीला तो ऐकता येतो. कुवेतला किंवा दुबईला असलेल्या मुलाला तो पाठवता येतो. फोनमध्ये जागाही फारशी लागत नाही. फुल एचडीमध्ये काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ साधारण १०० एमबीच्या घरात जातो, तर एका मिनिटाच्या चांगल्या आवाजाला जेमतेम १ एमबी लागते.

आधी व्हिडिओची फाइल म्हणजे काय ते समजून घेऊ. ती जेवणाच्या डब्यासारखी असते. एका पुडात चित्र, दुसऱ्या पुडात आवाज, आणि वरून एकच झाकण. ‘एमपी४’ हे त्या डब्याचं नाव आहे, आतल्या पदार्थाचं नव्हे. फोनवर काढलेल्या व्हिडिओत आवाजाच्या पुडात बहुतेक वेळा ‘एएसी’ नावाचा प्रकार असतो. म्हणजे आवाज चित्रात मिसळलेला नसतो, तो आधीपासूनच वेगळा ठेवलेला असतो. आपल्याला फक्त ते पूड बाहेर काढायचं आहे.

इथे काही जण एक सोपा मार्ग करून पाहतात. फाइलच्या नावातलं शेवटचं ‘एमपी४’ खोडून तिथे ‘एमपी३’ लिहितात. त्याने काहीच होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली भाजी बदलत नाही.

आवाज काढण्याचे प्रकार दोन. पहिल्यात आवाज आहे तसाच उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला जातो. यात काहीही कमी होत नाही आणि काम मिनिटभरात संपतं. दुसऱ्यात तो नव्याने आवळून एमपी३ केला जातो. ही झेरॉक्सवरून काढलेली झेरॉक्स समजा. एकदा काढली तर फरक कळत नाही, पण त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढत गेलात तर अक्षरं पुसट होत जातात. म्हणून जपून ठेवायची प्रत पहिल्या प्रकारची असावी. कारमध्ये किंवा साध्या स्पीकरवर ऐकायची प्रत एमपी३ असली तरी चालेल.

संगणकावर यासाठी ‘व्हीएलसी’ हा मोफत प्लेअर पुरेसा आहे. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून तो तयार झाला. त्यात जाहिराती नसतात. तो त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या. पुढची कृती अशी:

१. व्हीएलसी उघडून वरच्या ‘मीडिया’ मेनूत ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ निवडा.

२. ‘अ‍ॅड’ दाबून आपला व्हिडिओ निवडा आणि खालचं ‘कन्व्हर्ट / सेव्ह’ बटण दाबा.

३. ‘प्रोफाइल’च्या यादीत ‘ऑडिओ – एमपी३’ निवडा.

४. ‘डेस्टिनेशन फाइल’मध्ये नवं नाव द्या. मूळ फाइलचं नाव आणि जागा इथे चुकूनही देऊ नका, नाहीतर मूळ व्हिडिओच पुसला जाईल.

५. ‘स्टार्ट’ दाबा.

यानंतर पडद्यावर काही दिसत नाही आणि आवाजही येत नाही. फक्त खालची पट्टी पुढे सरकत राहते. काम अडलं असं समजून खिडकी बंद करू नका. पट्टी शेवटाला पोचली की फाइल तयार झाली. या पद्धतीने एका तासाच्या आवाजाची फाइल साधारण ५८ एमबीची होते.

हा झाला एमपी३. आवाज जसाच्या तसा हवा असेल तर प्रोफाइलशेजारच्या पान्याच्या चिन्हावर टिचकी मारा. तिथे डब्याचा प्रकार एमपी४ ठेवा, चित्राची खूण काढून टाका आणि आवाजाच्या पानावर ‘कीप ओरिजिनल ऑडिओ ट्रॅक’ या ओळीसमोर खूण करा. अ‍ॅपलचा मॅक संगणक असेल तर काम आणखी सोपं आहे. क्विकटाइममध्ये व्हिडिओ उघडा आणि ‘फाइल’ मेनूतल्या ‘एक्स्पोर्ट अ‍ॅज’मधून ‘ऑडिओ ओन्ली’ निवडा.

अँड्रॉइड फोनसाठी अशी अ‍ॅप्स ढिगाने आहेत. निवडताना एक परीक्षा घ्या. फोन विमान मोडवर टाका आणि मग आवाज काढून पाहा. काम झालं तर ते फोनमध्येच झालं. अडलं, तर तुमचा व्हिडिओ आधी दुसऱ्याच्या संगणकावर जाणार होता, असं धरून चाला. ‘इथे व्हिडिओ टाका, आवाज घ्या’ म्हणणाऱ्या संकेतस्थळांचंही तेच आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ असेल तर गोष्ट वेगळी. हळदीच्या कार्यक्रमात घरातल्या बायका मोकळेपणाने गात-हसत असतात, ते चित्रण फक्त घरासाठी असतं. ते अनोळखी ठिकाणी पाठवायचं कारण नाही.

आता पुन्हा त्या डीव्हीडीकडे येऊ. नव्या लॅपटॉपमध्ये ती लावायला जागा नसते, पण यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह मिळतो. घरटी एक घ्यायची गरज नाही, नातेवाइकांत मिळून एक पुरतो. चकती लावल्यावर तिच्यात ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल. तो सगळाच्या सगळा आधी संगणकावर उतरवून घ्या. आवाज काढायचं काम नंतर, उतरवलेल्या प्रतीवर करा. स्टुडिओत लिहून दिलेल्या या चकत्या काळानुसार खराब होतात. ओरखडा पडलेला नसला तरीही त्या एके दिवशी वाचल्या जात नाहीत. फोल्डरमध्ये ‘व्हीओबी’ शेवट असलेल्या, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या काही फाइल्स असतात. एकाच कार्यक्रमाचे ते क्रमाने केलेले तुकडे आहेत. प्रत्येकावर वरचीच कृती करा.

आवाज हाती आला की एक निराशा वाट्याला येऊ शकते. कॅसेटच्या आणि सीडीच्या काळात व्हिडिओवाले ‘मिक्सिंग’ करून देत. पाहुण्यांचं येणं, जेवणाची पंगत, वरात या सगळ्यावर हिंदी सिनेमाची गाणी चढवलेली असत. गाण्याखाली मूळ आवाज ठेवलेलाच नसेल, तर तो कुठल्याही प्रोग्रॅमने परत येणार नाही. पण लगेच हताश होऊ नका. निकाहच्या प्रसंगाला गाणं लावायची पद्धत बहुधा नसे, त्यामुळे खुतबा, इजाब-कबूल आणि नंतरची दुआ मूळ आवाजात सापडण्याची शक्यता जास्त. बिदाईच्या वेळीही गाणं सुरू होण्याआधीचे काही क्षण उरलेले असतात. सगळी फाइल धीराने ऐका. एक हाक, एक हसणं मिळालं तरी ते वेगळं कापून ठेवा. कापायला आणि मागची घरघर कमी करायला ‘ऑडॅसिटी’ हा मोफत प्रोग्रॅम चांगला आहे. घरघर पार नाहीशी करायचा हट्ट मात्र धरू नका, तिच्यासोबत माणसाच्या आवाजातला खरखरीतपणाही जातो.

ही फाइल कोणाला पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओही तसाच पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ वाटेत आवळला जातो आणि पोचल्यावर पहिल्यासारखा राहत नाही. मूळ व्हिडिओ, काढलेला आवाज आणि दोन्हींची आणखी एक प्रत दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी, एवढी व्यवस्था असली की निर्धास्त. आवाज काढला म्हणून व्हिडिओ पुसून टाकू नये.

हे सगळं आपल्या घरच्या चित्रणाबद्दल झालं. कोणाचं व्याख्यान, कोणाची तिलावत, कोणाचं गाणं यांचा आवाज काढून स्वतःच्या नावाने पसरवणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी ज्याचं आहे त्याची परवानगी घ्यावी. यूट्यूबच्या नियमांतही परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवून घ्यायला मनाई आहे. घरातल्या जिवंत माणसांनाही विचारायला हवं. दादीचं गाणं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला एकदा विचारा.

शेवटचं काम संगणकाचं नाही. आवाजाच्या फाइलला ‘ऑडिओ १’ असं नाव असतं, त्याने दहा वर्षांनी कोणालाच काही कळणार नाही. आधी साल, मग प्रसंग, मग माणसं, असं नाव द्या: ‘२००३ – फुफीचा निकाह – दादांची दुआ’. आणि आवाज कोणाचा हे ओळखणारं माणूस घरात असेपर्यंतच हे उरका. एखाद्या दुपारी खाला, मामू, मोठी चाची यांच्याजवळ बसून फाइल लावा आणि वही घेऊन लिहा: कितव्या मिनिटाला कोण बोलतंय, कोणतं गाणं चाललंय, त्यातल्या न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ काय. कोकणात हळदीला म्हटली जाणारी कितीतरी गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत, ती फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहेत. व्हीएलसी आवाज बाहेर काढून देईल, पण तो कोणाचा आहे हे घरातलं मोठं माणूसच सांगू शकतं.