प्रोब हाही परिपथाचाच भाग

'चिप्स टू स्टार्टअप' या केंद्रीय कार्यक्रमाने चिप-आरेखनात ८५ हजारांचे प्रशिक्षित मनुष्यबळ घडवण्याचे लक्ष्य ठेवले आहे. लक्ष्य स्तुत्यच. मात्र आरेखन उत्तम असूनही मापन कच्चे राहिले, तर दोष नेमका कुठे हे कळणार कसे? ऑसिलोस्कोपच्या प्रोबला अनेक प्रयोगशाळांत आजही निव्वळ तार समजले जाते.

पाठ केलेले उत्तर असे: ऑसिलोस्कोपचा इनपुट रोध १ मेगाओहम, १०× प्रोब जोडला की १० मेगाओहम, म्हणून परिपथावरील भार नगण्य. हे खरे आहे, पण एकदिश विद्युतदाबापुरते. प्रोबच्या टोकाशी दहाएक पिकोफॅरड धारकता असते आणि १०० मेगाहर्ट्झला तिचा इम्पीडन्स उरतो जेमतेम १६० ओहम. कुठे एक कोटी, कुठे एकशे साठ! १× प्रोबची धारकता तर शंभर पिकोफॅरडच्या घरात. तो मायक्रोकंट्रोलरच्या क्रिस्टलला टेकवताच चालता दोलक बंद पडू शकतो. मग विद्यार्थी निर्दोष क्रिस्टल बदलत बसतो. (वीजपुरवठ्यातील मिलिव्होल्टची लहर पाहण्यास मात्र तोच १× सोयीचा.)

प्रात्यक्षिक परीक्षेत गुण मिळतात ते तरंगाकृती काढण्याला. प्रोबमुळे ती किती बदलली, हा प्रश्न क्वचितच येतो. वास्तविक पहिलाच प्रयोग हा असावा: तोच संकेत १× आणि १०× प्रोबने, लांब आणि आखूड ग्राउंड-तारेने पाहावा आणि चारही आकृत्यांतील फरकाचे कारण लिहावे. त्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही. ही कळ बऱ्याच प्रोबवर आधीपासूनच असते.