अस्वलाचा अपराध कोणता?

२३ जानेवारी २०२३ च्या संध्याकाळी इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात, कास्तेल दी सांग्रो या गावाजवळ, भर राजमार्गावर एका मोटारीची धडक बसून एक अस्वल मेले. मोटार चालविणारास इजा झाली नाही. बातमी एवढीच असती तर आम्ही आज पहिल्या पानावरील ही जागा तिच्यासाठी अडविली नसती. परंतु हे अस्वल साऱ्या देशाच्या ओळखीचे होते. हुआन कारीतो या नावाने त्यास लहानथोर ओळखत, त्याची छायाचित्रे घरोघर पाहिली जात, आणि तो मेला तेव्हा इटलीत अनेकांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. ज्यांनी हळहळ व्यक्त केली त्यांतील कितीकांनी त्याच्या मरणास हातभार लावला असेल, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. तो आम्ही विचारू इच्छितो.

मध्य इटलीच्या आपेनाइन पर्वतात अस्वलांची एक निराळीच उपजात राहते. जगाच्या पाठीवर ती अन्यत्र कोठेही नाही, आणि तिची संख्या सुमारे पन्नास ते साठ आहे. आमच्या जुन्या शाळेच्या एका वर्गात याहून अधिक मुले कोंबून बसत असत! यांच्या रक्षणासाठी त्या देशाने १९२३ सालीच राष्ट्रीय उद्यान स्थापिले. म्हणजे सरकार निजले होते, कायदा नव्हता, असे म्हणण्याची सोय येथे नाही. २०२० साली आमारेना नावाच्या मादीने एकदम चार पिल्ले वाढविली. ही दुर्मीळ घटना होती. ती त्यांना घेऊन गावालगतच्या फळबागांत येई आणि ते कौतुक पाहण्यास माणसांची झुंबड उडे. त्या चारांतील एक हा कारीतो.

जे पिल्लू माणसांच्या गर्दीत वाढले त्यास माणसाचे भय कोठून वाटणार? रोक्काराझो हे बर्फावरील खेळांसाठी आलेल्या प्रवाशांनी गजबजलेले गाव. तेथील कचऱ्याचे डबे कारीतोस जंगलातील कंदमुळांपेक्षा सुलभ वाटले. २०२१ च्या अखेरीस त्याने एका बेकरीत शिरून बिस्किटांवर ताव मारला, आणि लोक हसले. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी त्यास पकडून दूरच्या डोंगरात नेऊन सोडले; तो परत आला. २०२२ साली पुन्हा पकडले, काही आठवडे कोंडून ठेवले आणि मग मायेल्लाच्या उंच डोंगरात सोडले. अधिकाऱ्यांनी आपल्याकडून कसूर केली असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अस्वलास उचलून नेता येते. उघडा डबा, फुकटचे खाणे आणि त्याचे चित्र टिपण्यासाठी वाट अडवून उभा राहिलेला प्रवासी, यांना कोण उचलून नेणार?

त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, त्याची आई आमारेना सान बेनेदेत्तो देई मार्सी या गावी एका माणसाच्या बंदुकीने मारली गेली. आपण भिऊन गोळी झाडली, असे तो म्हणाला. काही दिवसांपूर्वीच ती दोन नवी पिल्ले घेऊन एका गावच्या रस्त्यातून शांतपणे चाललेली लोकांनी पाहिली होती.

भीतीचा हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेणार नाही. इटलीच्याच उत्तरेस, त्रेंतीनो प्रांतात, एप्रिल २०२३ मध्ये धावण्याच्या व्यायामास गेलेला एक तरुण अस्वलाच्या हल्ल्यात प्राणास मुकला. ती अस्वले निराळ्या वंशाची, स्लोव्हेनियातून आणून सोडलेल्यांची प्रजा. परंतु घरच्या माणसांचे दुःख त्या भेदाने हलके होत नाही. आणि इटलीपर्यंत कशाला जावे? विदर्भात पहाटे मोहाची फुले वेचण्यास गेलेल्या बायाबापड्यांवर अस्वल तुटून पडते, तेव्हा ते दोन ओळींत छापून आपण शहरवासी पान उलटतो. वन्य प्राण्यांवरील आमची दया बहुधा दिवाणखान्यात बसून केलेली असते. तिची किंमत रानाकाठचा माणूस मोजतो. कचरा झाकण्यासाठी, कुंपणासाठी आणि नुकसानीची भरपाई वेळेवर देण्यासाठी पैसा खर्च करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी प्राणिप्रेमाच्या गोष्टी सांगू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्यांच्या बाबतीत तर महाराष्ट्राने इटलीकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. खामगावहून बुलढाण्यास जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, आणि ते अरण्य अस्वलांचे घर आहे. रात्री दिव्यांच्या झोतात दिपलेले जनावर आणि घाईत असलेला चालक यांची गाठ पडण्यास एक वळण पुरे होते. यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच घरात आहे. पेंचच्या अरण्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, महाराष्ट्राच्या हद्दीत, वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून नऊ बांधकामे केली आहेत. त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे. वर मालमोटारी धावतात आणि खालून वाघ जातात, हे भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे. मात्र हे शहाणपण आपल्याला आपण होऊन सुचले नाही. त्यासाठी वाद न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. अरण्यातून किंवा अरण्यांना जोडणाऱ्या पट्ट्यातून जाणारा जो रस्ता यापुढे बांधला किंवा रुंद केला जाईल, त्याच्या पहिल्याच अंदाजपत्रकात पुलाचा दगड आणि डांबर जसे धरले जाते तसा या भुयारी वाटांचा खर्च धरला जावा. जुन्या रस्त्यांवर रात्रीची गती बांधून द्यावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास माणूस नेमावा. अरण्यालगतच्या गावांचा व उपाहारगृहांचा कचरा उघड्यावर पडू नये, ही जबाबदारी ग्रामपंचायतीवर ढकलून मोकळे न होता तिला त्यासाठी निधी द्यावा. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात विदर्भाचे आमदार हा प्रश्न विचारतील काय? त्यांच्यापैकी कित्येकांच्या मोटारी याच रस्त्यांवरून रात्रीच्या धावत असतात.