वैमानिकाची पारख

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडीच्या नाक्याशीं वज्रेश्वरीवरून वसईकडे जाणारा फांटा फुटतो. भाताची खाचरें आणि नवीं गोदामें यांच्यामध्यें वसलेल्या या टापूंतील कुटुंबांना विमान ही आतां नुसती मान वर करून पाहण्याची वस्तु राहिलेली नाहीं. २०२३ सालीं इंडिगोनें ५०० व एअर इंडियानें ४७० विमानांची मागणी नोंदविली. २०२५ च्या ऑक्टोबरांत नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तेव्हां बारावी झालेल्या मुलानें वैमानिक होण्याची इच्छा धरावी, यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तें निराळेंच. या इच्छेच्या पाठोपाठ शिकवणीवाल्यांचा जो नवा वर्ग उदयास आला आहे, तो ‘कलपरीक्षेंत हमखास यश’ अशी ग्वाही देत शहरांतून तालुक्याला आणि तालुक्यांतून नाक्यापर्यंत येऊन पोंचला आहे. त्या ‘हमखास’ या एका शब्दाविरुद्ध आम्हांला भांडावयाचें आहे.

प्रथम कलपरीक्षा म्हणजे काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. इतिहासाच्या किंवा बीजगणिताच्या परीक्षेंत तुम्ही काय शिकलां हें पाहतात; कलपरीक्षेंत तुम्हांला अमुक एक काम शिकवितां येईल कीं नाहीं, हें पाहतात. भारतीय हवाई दलाची जुनी वैमानिक-कसोटी हें याचें चांगलें उदाहरण होय. तींत उमेदवारानें उपकरणांचीं चित्रें पाहून विमानाची स्थिति ओळखावयाची. मग यंत्रापुढें बसून हातांतील दांडा व पायांखालच्या पट्ट्या यांच्या साहाय्यानें सरकणारा प्रकाशबिंदु चौकटींत राखावयाचा, आणि त्याच वेळीं पेटणाऱ्या दिव्यांकडे व होणाऱ्या आवाजांकडेही लक्ष द्यावयाचें. आतां तिची जागा संगणकावरील पद्धतीनें घेतली आहे. परंतु एक नियम कायम आहे. या कसोटींत एकदां अपयश आलें कीं ती जन्मांत पुन्हां देतां येत नाहीं. नियम कठोर वाटतो खरा. पण घोकून वाढविलेले गुण हे घोकण्याचे गुण होत, अंगच्या कलाचे नव्हेत, हें जाणूनच ही दारें बंद केलेलीं आहेत.

असल्या कसोट्यांवर विश्वास कां ठेवावा, असें कोणी विचारील. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या हवाई सैन्यानें या शंकेचें उत्तर प्रत्यक्ष प्रयोगानें दिलें. हजारांवर तरुणांची कसोटी घेतली, तिचा निकाल बाजूला ठेवला, आणि सर्वांना सरसकट वैमानिकाच्या शिक्षणास धाडलें. कसोटींत तळाशीं असलेले बहुतेक सर्व शिक्षणांतून गळाले. वर असलेल्यांपैकीं पुष्कळ टिकले. म्हणजे कसोटी ही उमेदवाराची वैरीण नव्हे. ज्या वाटेनें त्याचा निभाव लागणार नाहीं, ती वाट ती त्याला आधींच दाखविते. ताप पाहावयाच्या नळीला थंड पाण्यांत बुडवून ताप उतरल्याचें समाधान मानणारा मनुष्य जितका शहाणा, तितकाच कलपरीक्षेला फसविणारा उमेदवार शहाणा.

तर मग तयारी मुळींच करूं नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. तोंडी हिशेब, इंग्रजी भाषा, भौतिकशास्त्राचीं मूलतत्त्वें यांची तयारी अवश्य करावी. तीं पुढें कामासही येतात. परीक्षेचें स्वरूप आधीं माहीत असावें, आदल्या रात्रीं पुरती झोप घ्यावी, शरीर निकोप राखावें. परंतु शिकवणीवाले विकतात तो माल निराळा आहे. विमानकंपन्या निवड करतांना संगणकावरील कसोट्यांनंतर स्वभावविषयक प्रश्नावली देतात, कांहीं उमेदवारांना एकत्र बसवून चर्चा करावयास लावतात, आणि शेवटीं मुलाखत घेतात. या सर्वांचीं तयार उत्तरें पढविण्याचा धंदा चालला आहे. ‘तुम्हांला कधीं भीति वाटते काय?’ तर ‘नाहीं’ म्हणावें. ‘तुमचें कधीं चुकतें काय?’ तर एखादी गोंडस चूक सांगावी. चर्चेंत सर्वांच्या आधीं व सर्वांहून मोठ्यानें बोलावें, म्हणजे नेतृत्व दिसतें! पी हळद आणि हो गोरी, याहून हें निराळें काय आहे?

आणि ही हळद निरुपद्रवी असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. २७ मार्च १९७७ रोजीं तेनेरीफ बेटावर दोन प्रचंड विमानें धांवपट्टीवर आदळून ५८३ माणसें मेलीं. पुढचें विमान अद्याप धांवपट्टीवरून दूर झालें नसावें, अशी शंका उड्डाण करूं पाहणाऱ्या विमानाच्या यंत्रज्ञानें बोलून दाखविली होती. अनुभवी कप्तानानें ती झटकून टाकली. त्या काळच्या अशा अपघातांपासून विमानविद्येनें जो धडा घेतला, तो हाच कीं कप्तानाच्या अंगीं ऐकून घेण्याचा गुण पाहिजे व दुय्यमाच्या अंगीं बोलण्याचें धैर्य पाहिजे. चर्चेच्या कसोटींत शोधतात तें हें. आणि शिकवणींत पढवितात तें नेमकें याच्या उलट! २४ मार्च २०१५ रोजीं आल्प्स पर्वतांत जर्मनविंग्सचें विमान सहवैमानिकानें जाणूनबुजून पाडलें व १५० जीव गेले. त्यानें आपलें मानसिक दुखणें कंपनीपासून लपविलें होतें. दुखणें असणें हा अपराध नव्हे. मनांतलें दडवून गुळगुळीत उत्तर देण्याची संवय हा मात्र या व्यवसायांत धोका आहे, आणि ती संवय आपण पैसे मोजून आपल्या मुलांना लावीत आहों.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. ‘मुंबईच्या मुलाला लहानपणापासून संगणक हाताशीं असतो, इंग्रजी घरांत असतें. अंबाडीच्या मुलानें शिकवणीशिवाय त्याच्याशीं बरोबरी कशी करावी?’ हा प्रश्न न्यायाचा आहे, म्हणून त्याचें उत्तरही न्यायाचेंच हवें. परीक्षेचें यंत्र अनोळखी असल्यामुळें मुलगा दचकूं नये, एवढी ओळख त्याला करून देणें हें महाविद्यालयांचें व सरकारचें काम आहे. ती ओळख कांहीं दिवसांत आणि विनामूल्य होऊं शकते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशासाठीं महाराष्ट्र सरकारनें १९७७ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. शाळेंतून निवडलेल्या मुलांकडून ती दोन वर्षें अभ्यास, भाषा व व्यायाम करवून घेते. माणूस घडविणें याला म्हणतात. उत्तरें पढविणें याला नव्हे. गरीब मुलाची उणीव दाखवून त्याच्याच बापाकडून लाखों रुपये उकळणें, ही समतेची सेवा म्हणतां येणार नाहीं.

आतां पैशाविषयीं स्पष्ट बोलूं. व्यापारी वैमानिकाच्या परवान्यास आपल्याकडे २०० तासांचें उड्डाण लागतें. परवाना व पुढें विशिष्ट जातीच्या विमानाचें शिक्षण धरून खर्च अर्ध्या कोटीपासून कोटीच्या घरांत जातो. उत्तर प्रदेशांतील फुरसतगंजच्या सरकारी उड्डाण अकादमींत आधीं परीक्षा व मुलाखत, मग प्रवेश, असा क्रम आहे. विमानकंपन्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण-योजनाही आधीं पारख करतात. परंतु जेथें शुल्क भरलें कीं प्रवेश मिळतो, तेथें मुलगा आधीं जमीन गहाण टाकून परवाना मिळवितो आणि मग कंपनीच्या कसोटीस बसतो. तेथें तो गळाला म्हणजे शिकवणीवाल्याचें कांहीं जात नाहीं. उड्डाणशाळेचेंही जात नाहीं. जातें तें खाचर. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. ज्या कसोटीनें या कुटुंबाला पहिल्याच पायरीवर सावध केलें असतें, ती येथें शेवटच्या पायरीवर ठेवलेली आहे!

म्हणून पालकांना आमचें सांगणें एका वाक्याचें आहे: आधीं परीक्षा, मग पैसा. प्रथम महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त वैद्याकडून मुलाची शरीरप्रकृति व डोळे तपासून घ्यावे. नंतर आधीं पारख करणाऱ्या संस्थांच्या परीक्षेस, पढविल्यावांचून, त्याला बसवावें. आणि निकाल हातीं येईपर्यंत सातबाराच्या उताऱ्याला हात लावूं नये. मुलीलाही त्याच कसोटीस बसवावें. १९८५ सालीं कलकत्ता ते सिलचर या मार्गावर केवळ स्त्रियांनीं चालविलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. कल हा मुलगा कीं मुलगी हें पाहून अंगीं येत नाहीं. कर्ज काढतांना मात्र आपण तें पाहतों.

निकाल विरुद्ध गेला, तर त्यांत लाज कसली? १९५८ सालीं हवाई दलाच्या निवडीसाठीं डेहराडूनला गेलेल्या पंचवीस उमेदवारांत एक तरुण नववा आला; जागा आठच होत्या. तो तरुण ए. पी. जे. अब्दुल कलाम. हवाई दलाची ती जागा हुकली, म्हणून देशानें कांहीं गमावलें नाहीं, आणि त्यांनींही नाहीं. त्या दिवशीं त्यांच्या हातून एक आशा गेली. घरची जमीन गेली नव्हती. आमच्या अंबाडीच्या मुलालाही अपयश यावयाचेंच असेल, तर तें इतक्याच स्वस्तांत यावें. त्याला नापास होण्याचा हक्क आहे. त्या हक्कासाठीं त्याच्या बापाला भूमिहीन करण्याचा हक्क कोणालाही नाहीं.