विमानाचा वेग, रुग्णाची वेळ
नांदेड आणि लातूर विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे १२५ किलोमीटर. विमान ते अर्ध्या तासात कापेल. म्हणून ‘एअर ॲम्ब्युलन्स हवी’ ही मागणी लोह्यातही अनेकांना पटते. पण हिशेब रुग्णाच्या घरापासून मांडायला हवा. लोह्याहून नांदेडच्या विमानतळाकडे निघालेली गाडी विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावरूनच पुढे जाते. म्हणजे विमान गाठण्यासाठी रुग्णालय मागे टाकायचे!

पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅननंतर. हृदयविकाराच्या रुग्णाचा ईसीजी दवाखान्यात पोचताच दहा मिनिटांत निघायला हवा. हा मोलाचा वेळ अनेकदा ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ म्हणत घरातच जातो. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा छातीत दडपण आले, की लगेच १०८ ला फोन करावा.

प्रकृती स्थिर झालेल्या रुग्णाला मुंबई-हैदराबादला हलवायला विमान उपयोगी आहेच. मात्र त्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास ईसीजी, गुठळी विरघळवणारे औषध आणि ते देणारा डॉक्टर हवा. लोहेकरांनी पहिली मागणी ही करावी.