देश निवडताना मिरचीतोडीचे प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या घरात आयटीआय झालेल्या पोराच्या परदेशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, पगार कुठे जास्त? मग देशांची उतरंड लागते. कोणी जर्मनीला वर बसवतो. कोणी आखाताला, कारण तिथे पगारावर प्राप्तिकर नाही आणि नवी भाषाही शिकावी लागत नाही. दोन्ही उतरंडी मला चुकीच्या वाटतात, कारण दोन्ही एकाच आकड्यावर उभ्या आहेत.

आमची माणसं याहून शहाणी आहेत. दरवर्षी हिवाळा सरत आला की गावंच्या गावं मिरची तोडायला तेलंगणात जातात. गाडीत बसण्याआधी बाया काय विचारतात ते ऐकावं. किलोमागे दर किती, हे एकदाच. पुढे मात्र प्रश्न संपत नाहीत. राहायचं कुठे, पाणी किती लांब, हिशेब कधी, मालकाशी पटलं नाही तर दुसऱ्या शेतात जाता येईल का, परतीचं भाडं कोणाचं? 2020 च्या टाळेबंदीत जे तिकडे अडकले, त्यांना या शेवटच्या प्रश्नाची किंमत कळली.

हेच प्रश्न देशांना लावा. आखातात वर्षानुवर्षं कामगाराचा व्हिसा मालकाच्या हातात होता. त्याच्या संमतीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने ती अट 2020 मध्ये काढली. ब्रिटनने वृद्धांची काळजी घेणारे कामगार बोलावले, मार्च 2024 पासून त्यांना बायकापोरं आणायला बंदी केली आणि जुलै 2025 मध्ये बाहेरून ही भरतीच थांबवली. गेल्या वर्षीची उतरंड यंदा खोटी ठरते ती अशी.

जर्मनीचं गणित वेगळं. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. पण करार म्हणजे व्हिसा नव्हे. तिथलं कामाचं शिक्षण तीन-साडेतीन वर्षांचं, आपला फिटर दोन वर्षांचा. त्यामुळे प्रमाणपत्राला बहुधा अर्धीच मान्यता मिळते आणि उरलेलं तिथे पुरं करावं लागतं. मला हे वाईट वाटत नाही. कानशीने घासलेला लोखंडी तुकडा गुण्याला लावून उजेडात धरायचा आणि फट दिसली की पुन्हा घासायचा, हे आपल्या पोराला कार्यशाळेत पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. एकदा पूर्ण मान्यता मिळाली की ते कसब त्याचं स्वतःचं, कोण्या एका मालकाचं नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो: “जंगलातल्या पोराला जर्मन कुठे जमणार?” भामरागडचं पोर घरी माडिया बोलतं, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. सिरोंचात त्यावर तेलुगू. व्याकरणाचं पुस्तक न उघडता तीन-चार भाषा पचवलेल्या पोराला पाचवी जड जाईल, हे म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या भाषा मोजाव्यात. उणीव आहे ती वर्गाची आणि शिक्षकाची. तो वर्ग नागपूर-पुण्यात असून भागणार नाही. अहेरी, राजुरा, ब्रह्मपुरी इथल्या आयटीआयमध्ये हवा, आणि फुकट हवा.

“सूरजागडला खाण निघाली, बाहेर कशाला?” असंही म्हणतात. ज्याला राहायचं त्याने जरूर राहावं. पण एकाच दारावर रांग लागली की मजुरीचा दर दारवाला ठरवतो.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. दहावी पास पोराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’चा शिक्का नसतो. लोक याला सोय समजतात. पण त्या शिक्क्याचा मजूर आखातात निघाला तर सरकारी मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही, आणि मंजुरीआधी त्याचे कागद तपासले जातात. शिक्का नसलेल्याला ती अट नाही, म्हणून त्याचा करार त्याला स्वतःच वाचावा लागतो. तो मराठीत समजावून घ्या. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहा. नोंदणी असलेल्या एजंटालाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागितले तर धानाची बांधी गहाण टाकू नका.