शब्दविचार : ‘कॉस्ट’

गेल्या महिन्यांत आमच्या नववींतील नातवानें एक शंका विचारली. ‘प्राइस’ व ‘कॉस्ट’ या दोन इंग्रजी शब्दांतील भेद त्यास लिहावयाचा होता, आणि त्याच्या कोशांत दोहोंपुढेंही ‘किंमत’ हाच अर्थ दिलेला! “आजोबा, मग शब्द दोन कशाला?” अशी शंका वाचकांच्या घरींही निघत असेल, म्हणून या वेळीं तिचाच विचार करूं.

विकणारा मागतो ती ‘प्राइस’. घेणाऱ्याचें जें जातें तें ‘कॉस्ट’. आम्ही मानपाड्यास राहतों. चिरंजीव डोंबिवलीहून रोज आगगाडीनें मुंबईस जातात. पासावर छापलेली रक्कम ही पासाची ‘प्राइस’ होय. परंतु छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारें 48 किलोमीटर दोन्ही वेळां गर्दींत उभ्यानें काढण्यांत जे तास जातात, ते ‘कॉस्ट’मध्यें धरावे लागतात. ते पासावर छापीत नाहींत.

व्युत्पत्ति पाहतां मौज वाटते. ‘कॉस्ट’ हा शब्द फ्रेंचमार्गें लॅटिन ‘कोन्स्तारे’पासून आला. त्यांतील ‘स्तारे’ म्हणजे उभें राहणें. आपल्या ‘स्था’ धातूचा तो सहोदर. फारसीमार्गें आलेला आपला ‘किंमत’ शब्दही उभें राहणें याच अर्थाच्या अरबी धातूपासून निघाला आहे. उलट ‘खर्च’ हा अरबी ‘बाहेर जाणें’ या धातूचा, आणि ‘व्यय’ हा ‘वि’ उपसर्ग लागून ‘इ’ म्हणजे जाणें या धातूचा. तात्पर्य, किंमत उभी राहते आणि पैसा जातो. मराठी क्रियापदाची तऱ्हा मात्र निराळी. आपल्याकडे वस्तु ‘पडते’ : “ही पैठणी केवढ्याला पडली?” “स्वस्त म्हणून घेतली, पण महागांत पडली.”

विद्यार्थ्यांनीं आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. भूतकाळींही ‘कॉस्ट’चें रूप ‘कॉस्ट’च राहतें, ‘कॉस्टेड’ हें रूप खर्चाचा अंदाज काढला या अर्थीं येतें. अनेकवचनीं ‘कॉस्ट्स’ म्हणजे दाव्याचा खर्च. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 35 व्या कलमाचा विषय तोच आहे. शिवाय या क्रियापदाबरोबर ज्याचें गेलें तो आणि जें गेलें तें, असे दोन्ही शब्द येऊं शकतात. गेलें तें द्रव्यच असेल असें नाहीं. झोंप, नोकरी, प्राणही असूं शकेल. तेथें मराठींत ‘पायीं’ आणि ‘मुकणें’ हे शब्द योजावे : “त्या हट्टापायीं तो नोकरीस मुकला.”

यास उदाहरण शोधतां घरचेंच आठवलें. मी मॅट्रिकला बसलों त्या वर्षीं आमची आई अंथरुणास खिळली होती. वडिलांच्या जमाखर्चाच्या वहींत माझी परीक्षेची फी, पुस्तकें, शाईची बाटलीसुद्धां तारीखवार मांडलेली आहे. त्याच वर्षीं आठवींतील धाकट्या बहिणीची शाळा सुटली व ती स्वयंपाकघरांत गेली. पुढें ती शाळेंत परत गेली नाहीं. वहींत याची नोंद कोठेंच नाहीं. वडील हिशेबाला चोख होते. परंतु असा रकाना त्यांच्या वहींत नव्हता, आणि पुष्कळ वर्षें माझ्याही मनांत नव्हता.

नातवानें वही चाळली आणि विचारलें, “म्हणजे आजोबा, तुमची मॅट्रिक आत्याआजीला पडली?”

वाक्यांत व्याकरणाची चूक नव्हती. मीं “होय” म्हटलें, आणि त्या रात्रीं बहिणीस फोन करून तिलाही तेंच सांगितलें. ती हंसली आणि मग बराच वेळ बोलली नाहीं.

घरांत कोणतीही मोठी गोष्ट ठरवितांना ‘केवढ्याला पडेल?’ हें आपण विचारतोंच. त्याबरोबर ‘कोणाला पडेल?’ हेंही विचारीत जावें, आणि तें वेळेवर विचारावें.